भिकुबाईची खिरापत

आजचा एक दिवस नीट पार पडू दे, एवढंच कुंदा पहाटेपासून देवाजवळ मागत होती. आणि दुपारी धर्मशाळेच्या विहिरीवर पोरं जमली, तर नेमकी भिकुबाईच आली नव्हती.

जळगाव स्टेशनामागच्या त्या धर्मशाळेत एका सेवामंडळातली तरुण मुलं रोज दुपारी येत. कुंदा, लता, मगन, गिरधर, सगळी विशीच्या आतबाहेरची. कुणी मास्तरकीचं ट्रेनिंग घेणारं, कुणी आडत्याच्या पेढीवर उमेदवारी करणारं. स्वातंत्र्य येऊन सात वर्षं होऊन गेली, तरी फलाटावर आणि सरकी काढणाऱ्या कापसाच्या जिनांच्या आडोशाला पोरं उघडी झोपतच होती. त्यांना विहिरीवर न्हाऊ घालायचं, पोरींच्या डोक्याला करंजाचं तेल चोळायचं आणि मग सगळ्यांनी एका पंगतीला बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर खायची. मंडळाच्या मुलांनीही तीच खायची. "आपण उभं राहून वाढायचं आणि त्यांनी खाली बसून खायचं, असं चालणार नाही," असं मगननं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावरून त्याच्या घरी चार दिवस अबोला झाला, पण पंगत मोडली नाही.

कुंदानं पंगतीवरून नजर फिरवली. टोकाला झिपरू बसला होता, भिकुबाईचा धाकटा भाऊ, पाचेक वर्षांचा. मांडीत पितळी डबा घट्ट धरून. तो डबा कुंदानं लगेच ओळखला. डबा तिच्याच घरचा होता.

"झिपरू, अक्का कुठंय तुझी?"

"गयी."

"कुठं?"

"माले नही सांगं." त्यानं डबा आणखी जवळ ओढला. "डबा उघडू नको म्हने. ती खिरापत लेवाले गयी."

"अरे, खिरापत तर यात आहे!"

झिपरूनं तिच्याकडं पाहिलं. आपल्याला सांगितलंय तेवढंच आपण सांगणार, असा त्याचा चेहरा. मग त्यानं भाकरीचा मोठा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे पुढचं बोलणंच नको.

कुंदाला पुढचं जेवण गेलं नाही.

भिकुबाई दहा-अकरा वर्षांची. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून आईनं देवापुढं पदर पसरून मागून घेतलेली, म्हणून हे नाव. धुळ्याकडच्या खेड्यातून बाप दोन्ही लेकरांना घेऊन जिनात कामाला आला. आई आधीच गेलेली. हंगाम संपला, जिनाची भट्टी निजली, आणि बाप "येतो" म्हणून गेला तो आलाच नाही. तेव्हापासून झिपरूची आई म्हणा, बाप म्हणा, हीच. उन्हाळ्यात एकदा झिपरू तापला तेव्हा तिनं बाजारातून गुळाची ढेप उचलली आणि पकडली गेली. स्टेशनावरच्या जमादारानं ते लक्षात ठेवलं होतं. परवाच तो मगनला म्हणाला होता, "वरून हुकूम आहे. दिवाळीच्या आत ज्या पोरांना छप्पर नाही, ती फलाटावरून उचलायची. पोरी धुळ्याला, पोरं आणखी कुठं. आणि ती गूळवाली पोर पुन्हा कशात सापडली ना, तर दिवाळीची पण वाट नाही बघणार."

पोरी एकीकडं, पोरं दुसरीकडं. म्हणजे झिपरू आणि भिकुबाई यांची ताटातूट. कुंदानं ते भिकुबाईला सांगितलं नव्हतं. पण स्टेशनावर जमादाराच्या तोंडचं पोरांपासून लपतं थोडंच!

छप्पर होतं, नाही असं नाही. नव्या पेठेत सुनंदाबाई चौधरींच्या परसात एक खोली वापराविना पडली होती. बाई देवभोळ्या, नेमाच्या, मनानं वाईट नव्हेत. पण घरात लग्नाच्या दोन मुली, शेजार नाकानं कांदे सोलणारा. कुंदानं पाय धरल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "आधी गुलाबाईचे दिवस जाऊ देत गं. तुझ्या त्या पोरी येऊ देत अंगणात. बघू कशा वागतात, मग खोलीचं बोलू."

भादव्याच्या पुनवेला गुलाबाई बसली. मातीची गुलाबाई, शेजारी गुलोजी, मांडीवर बाळ. रोज दिवेलागणीच्या आधी पेठेतल्या पोरी टिपऱ्या घेऊन अंगणात जमत, गाणी म्हणत आणि शेवटी एकीची खिरापत. झाकल्या डब्यात काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखता आलं नाही की जिची खिरापत तिची मान ताठ. स्टेशनावरच्या चौघी पहिल्या दिवशी फाटकाशी उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी पायरीवर आल्या, तिसऱ्या दिवशी टिपऱ्यांत. खिरापत ओळखण्यात भिकुबाईचा हात कुणी धरू शकत नसे. नुसत्या डबा हलवण्याच्या आवाजावरून तिनं खोबऱ्याच्या वड्या सांगितल्या, तेव्हा सुनंदाबाईंची सगळ्यात धाकटी निमा रडकुंडीला आली होती. आणि काल, सगळ्यांसमोर, निमानंच टोमणा मारला, "दुसऱ्यांची ओळखतेस रोज. तुझी कधी आणणार गं?"

"सकाय," भिकुबाई म्हणाली. उद्या.

अंगणातल्या बायकांनी एकमेकींकडं पाहिलं होतं. कुंदानं ते पाहणं पाहिलं आणि रात्रभर तिचा डोळा लागला नाही. ही पोर कुठून आणणार खिरापत? आणणार म्हणजे उचलणार. आई पहूरला मावशीच्या बाळंतपणाला गेलेली. कुंदानं पहाटे उठून एकटीनंच रवा भाजला, गूळ घातला, लाडू वळले आणि उजाडायच्या सुमाराला डबा स्टेशनावर नेऊन भिकुबाईच्या हातात ठेवला. "ही तुझी खिरापत. कुणाला सांगायचं नाही. तू आणलीस असंच म्हणायचं."

भिकुबाईनं झाकण उचलून पाहिलं, परत लावलं. काहीच बोलली नाही. कुंदाला वाटलं, पोरीला भरून आलं असेल.

आता डबा झिपरूच्या मांडीत होता आणि पोर बेपत्ता.

मगननं सायकल काढली. "मी मालधक्का आणि जिनं बघून येतो. तुम्ही बाजारात बघा." मुलीनं परक्या मुलाच्या सायकलवर बसणं जळगावात तेव्हा कुणी खपवून घेतलं नसतं, म्हणून कुंदा पायीच निघाली. तोंडानं अथर्वशीर्ष पुटपुटत होती, पण अर्ध्यात चुकत होती आणि पुन्हा पहिल्यापासून धरत होती.

बाजारात शिरल्यावर तिनं जे केलं ते घाबरलेलं माणूसच करतं. केळीवाल्यासमोर थांबून तिनं विचारलं, "एक पोरगी आली होती का इथं? निळा परकर. काही उचललं तर नाही ना तिनं?"

केळीवाला आधी तिच्याकडं आणि मग आपल्या घडांकडं पाहायला लागला. "उचललं? कवा? अरे गण्या, बघ रे फण्या!"

"नाही, नाही, तसं नाही..."

पण तोवर शेजारच्या पेरूवालीनं टोपलीवर आडवा हात टाकला होता. कुंदा पुढं गेली. गूळवाल्याकडं तेच, किराणावाल्याकडं तेच. प्रत्येक ठिकाणी "काही नेलं असेल तर मी भरून देईन" असं ती हात जोडून म्हणे, आणि तिच्या पाठीमागं दुकानदार आपापला माल तपासायला लागत. आपण बाजारभर काय पेरत चाललो आहोत, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

भट्टीवरचा सुकदेव भडभुंज्या मात्र हसला. "सकाळी आलती ती. मला म्हणते, नाना, शेंगा आणल्या तर भाजून द्याल का? मी म्हटलं, आण, भाजणावळ म्हणून मूठभर माझ्या. आता शेंगांचा भाव काय चाललाय, अन् ही म्हणते आणते!"

"कुठून आणणार म्हणाली?"

"असोद्याकडं काढणी लागलीय ना हळव्या शेंगांची. तिकडं बघत होती."

कुणाच्या तरी शेतात शिरली असणार. असोद्याचा शेतकरी भुईमुगाच्या राखणीला गोफण घेऊन बसतो. पकडली तर मारतील, आणि मारून पोलिसात देतील. कुंदाच्या डोळ्यांपुढं जमादाराचा पट्टा आला. बाजारातून रिकामी परतणारी असोद्याची एक बैलगाडी तिनं गाठली. गाडीवान म्हातारा होता. त्यानं "बस पोरी" म्हटलं आणि मग सबंध वाटभर बैलांशीच बोलत राहिला. रेल्वेचं फाटक लागलं. मालगाडी जाईपर्यंत गाडी उभी. डबे संपता संपेनात. कुंदाला वाटलं, उतरावं आणि पळत सुटावं.

"एवढं काय गं बाई अडलंय?" म्हाताऱ्यानं शेवटी विचारलं.

"माझी एक पोर हरवलीय, आबा."

म्हाताऱ्यानं तिच्या मंगळसूत्र नसलेल्या मोकळ्या गळ्याकडं पाहिलं, नीट बसला आणि मग फाटक उघडल्यावर बैलांना जरा जास्तच हाकललं.

असोद्याच्या अलीकडं, केळीच्या बागेला लागून, एका वावरात बायका ओळीनं बसून शेंगा तोडत होत्या. वेलांचे ढीग, ओल्या मातीचा वास. आणि त्या ओळीच्या शेवटी निळा परकर. भिकुबाई खाली बसली होती, आणि तिच्याजवळ उभा राहून धोतर-टोपीतला एक माणूस हात हलवत काहीतरी बोलत होता.

कुंदा बांधावरून धावतच गेली. दम लागलेला, पदर सुटलेला. त्या माणसासमोर तिनं हातच जोडले.

"भाऊ, माफ करा. पोर आहे ती. आई नाही तिला. स्टेशनावरची आहे, तिला कळत नाही. तिनं काय चोरलं असेल ते मी भरून देते, पण पोलिसांना नका सांगू. पाया पडते तुमच्या."

शेंगा तोडणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्या माणसानं टोपी मागं सारली.

"चोरी? कायची चोरी, बाई?" त्याचं नाव जीवराम, वावर त्याचंच. "सकायपासून राबून राह्यली ही पोरगी. मी तिले सांगून राह्यलो का बाई, तुह्या वाट्याच्या शेंगा झाल्या, ऊन कलून राह्यलं, आता घरी जाय. तर म्हने अजून एक ढीग करते."

तोडणीची मजुरी शेंगांतच मिळते. जेवढं तोडाल त्यातला वाटा आपला. भिकुबाईच्या पुढ्यात फडक्यात बांधलेलं लहानसं गाठोडं होतं. मातीनं भरलेली तिची बोटं त्या गाठीवर होती आणि ती कुंदाकडं पाहत नव्हती.

ओळीतली एक दांडगी बाई, बेबाबाई, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "शिकेल सवरेल दिसता ताई. आधी इचारा, मंग हात जोडा. पोरीचं त्वांड पाहा कसं झालं!"

दुसरी हसली. "जाऊ दे वं. शहरातल्या पायात चप्पल असते ना, त्याईले बांध नाई समजत."

कुंदाला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. माफी मागायला ती आली होती, ती मागूनही झाली होती, पण भलत्यापुढं.

परतीला गाडी मिळाली नाही. दोघी रस्त्याच्या कडेनं चालायला लागल्या. गाठोडं भिकुबाईच्या डोक्यावर. कुंदानं "दे, मी घेते" म्हणून हात पुढं केला तेव्हा तिनं मान आखडून घेतली. बाभळींच्या सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या. दिवेलागणीच्या आत भट्टीवर, तिथून नव्या पेठेत. आणि ही पोर आता अंगणात पाऊल तरी टाकेल का? की झिपरूचा हात धरून संध्याकाळच्या गाडीत चढेल आणि कायमची निघून जाईल? स्टेशनावरच्या पोरांना गाडीत चढायला कारण लागत नाही, आणि आज तर कुंदानं तिला कारणही दिलं होतं.

"भिकुबाई, मला वाटलं..."

"माले म्हाईत शे तुले काय वाटनं. तू माले चोट्टी समजनी."

पुष्कळ चालून झाल्यावर कुंदानं विचारलं, "मी लाडू दिले होते ना? ते नाही आवडले?"

"लाडू चांगला शेतस." भिकुबाईनं डोक्यावरच्या गाठोड्याचा हात बदलला. "आज चवथ शे."

"मग?"

"सुनंदाबाई चवथना दिन रवाना लाडू खाई का? निमाले मी इचारं, तुन्ही माय कवय उपास करस. ती म्हने, चवथले, पद्मालयना गनपतीना. चांद निंघस तवय जेवस." आता ती थांबली आणि पहिल्यांदाच कुंदाकडं वळली. "सुनंदाबाईनी नही खादं, तर कोनतीच बाई खावाव नही. उपास शे म्हनतीन आन् डबा परत करतीन. मंग मी काय करू? शेंगा उपासले चालतस."

कुंदाचे पाय जागच्या जागी खिळले. संकष्टी! आज संकष्टी, आणि ती स्वतः, लहानपणापासून चतुर्थी धरणाऱ्या आईची लेक, पहाटे उठून रव्याचे लाडू वळत बसली होती. आई घरी असती तर कढईला हात लावू दिला नसता. देवाजवळ दिवसभर मागत राहिली आणि त्याचीच तिथी विसरली. पण तिला तिथीपेक्षाही दुसरंच काहीतरी आत रुतलं. उपासाचा बहाणा करून लोक आपल्या हातचं नाकारतील, हे ह्या पोरीला काल संध्याकाळीच कळलं होतं. कुंदाला रात्रभर झोप नव्हती, तर हिला तरी कुठं असणार! फरक एवढाच, की कुंदानं तिच्या भीतीचे लाडू केले आणि हिनं आपल्या भीतीला घेऊन दिवस उजाडताच असोदा गाठलं.

"चाल ना," भिकुबाई म्हणाली. "भट्टी इझी जाई. आन् आयक, तू देखी लिधं. आते तुले वयखाना हक्क नही. तोंड उघडानं नही."

"नाही ओळखणार, तोंडही नाही उघडणार," कुंदा म्हणाली, आणि दोघींनी पावलं उचलली.

सुकदेवनं भट्टी खरोखरच विझत घातली होती. गाठोडं पाहून त्यानं भुवया चढवल्या, पण वाळू पुन्हा तापवली. घाईघाईत शेंगा भाजून झाल्या. त्यानं आपली मूठ काढून घेतली, मग त्यातल्या निम्म्या परत टाकल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "फुकट भाजली असं सांगू नको कुठं." भिकुबाईनं मीठ लावू दिलं नाही. मग धर्मशाळेत झिपरूच्या ताब्यातला डबा मोकळा करून शेंगा त्यात भरल्या, आणि लाडू विहिरीवरच्या पोरांत वाटायला मगनच्या हवाली झाले.

अंगणात गाणी संपत आली होती. फाटकातून आत येतानाच कुंदाला जाणवलं, हवा कालची नाही. बायका कुजबुजत होत्या आणि भिकुबाई दिसताच थांबल्या. शेजारच्या कमलबाईंनी तर आपली कुंची-टोपडी घातलेली नात उचलून मांडीवर घेतली. बाजारातलं सगळं पेठेत पोचलं होतं. पोचवणारी कोण, हे कुंदाला आता कुणी सांगायला नको होतं.

भिकुबाईनं डबा गुलाबाईपुढं ठेवला. पोरी जमल्या. पोरींना बाजाराशी काय करायचं! निमानं डबा हलवून पाहिला. खुळखुळ वाजलं.

"फुटाणे!"

"नही."

"बत्तासे!"

"नही."

"बोरकूट?"

"बोरकूट वाजस का येडी!" भिकुबाई हसली, आज पहिल्यांदा, आणि लगेच तिनं ओठ मिटले. कुंदा खांबाला टेकून उभी होती. निमा म्हणाली, "कुंदाताई, तुम्ही सांगा ना," आणि कुंदानं नुसती मान हलवली. तेवढ्यात सुनंदाबाई देवघरातून बाहेर आल्या. पांढरंफटक तोंड, दिवसभराचा उपास. ओट्यावर बसता बसता त्या सवयीनं म्हणून गेल्या, "माझं काही धरू नका गं. आज माझा उपास."

पाठोपाठ कमलबाई, "माझाही."

"माझाही आहे बाई."

कुंदानं भिकुबाईकडं पाहिलं. ती डब्याच्या झाकणावर हात ठेवून बसली होती. पोरी हरल्या. झाकण निघालं. भाजलेल्या शेंगांचा खरपूस वास अंगणभर झाला.

"शेंगा!" निमा ओरडली. "अगं आई, शेंगा तर उपासाला चालतात!"

बायकांनी पदर सावरले. कमलबाईंनी घसा साफ केला. "चालतात गं. पण आल्या कुठून ते कळलं तर. आम्ही बाजारात काही वेगळंच ऐकलं."

सुनंदाबाईंनी विचारलं, "कुठल्या गं ह्या, पोरी?"

हा प्रश्न आजवर कुणाच्याही खिरापतीला विचारला गेला नव्हता. निमाच्या खोबऱ्याला नाही, कमलबाईंच्या थोरल्या नातीच्या चिवड्याला नाही. भिकुबाईचा चेहरा दगडासारखा झाला. कुंदाला दिसत होतं, ती आता डबा उचलणार, उठणार आणि फाटकाबाहेर पडणार.

झाकण निघालं होतं. आता कुंदाला तोंड उघडायला बंदी नव्हती.

"सुनंदाकाकू, बाजारात ऐकलंत ते माझं बोलणं ऐकलंत." तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "दुकानोदुकानी जाऊन मीच विचारलं, हिनं काही उचललं का म्हणून. हिनं कुणाच्या काडीला हात लावला नव्हता. ही असोद्याला जीवरामभाऊंच्या वावरात दिवसभर शेंगा तोडत होती. तिथंही मी तिला चोर ठरवूनच गेले. सगळ्या बायकांसमोर. चूक धरायची तर माझी धरा."

लाजेनं तिचे कान तापले होते. पेठेत तिचं स्थळ पाहणाऱ्या दोघी बायकाही तिथंच बसल्या होत्या; त्यांनी एकमेकींना कोपर मारलेलं तिनं पाहिलं. पाहू देत.

भिकुबाई खाली मान घालून बसली होती. ती हळूच म्हणाली, "मीठ नही लावं. उपास शे ना तुम्हना."

सुनंदाबाई डब्याकडं वळल्या. देवाचं नाव घेतल्यासारखे त्यांचे ओठ हलले. मग त्या वाकल्या, डब्यातल्या दोन शेंगा उचलल्या, गुलाबाईपुढं एक ठेवली. दुसरी फोडली. टरफलाचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू गेला. दाणे तोंडात टाकून त्यांनी सावकाश चावले.

"कोवळ्या आहेत अजून," त्या म्हणाल्या. "आणि भट्टीवाल्यानं घाई केली. एका अंगाला लागल्यात."

"सुकदेव नाना भट्टी इझाडी राहिंता," भिकुबाई पटकन म्हणाली. "मी काय करू?"

"उद्धट आहेस गं." सुनंदाबाईंनी तिसरी शेंग घेतली. "घ्या गं पोरींनो. आणि टरफलं अंगणभर करू नका, बंबाला होतील."

पोरींच्या हातांची डब्याभोवती झुंबड उडाली. एक-दोघी बायकांनी घेतल्या. कमलबाईंनी घेतल्या नाहीत, पण मांडीवरची नात त्यांच्या हातून निसटून डब्यापाशी गेली, तिला त्यांनी परत ओढलं नाही. चांद निघायला अजून अवकाश होता. सुनंदाबाई उठता उठता कुंदाजवळ थांबल्या. "त्या परसातल्या खोलीत गोवऱ्या भरल्यात. उद्या मगनला सांग, काढून ओसरीला रचायला. आणि बाजारात जाशील तेव्हा तोंड जरा सांभाळ बाई."

"हो," कुंदा म्हणाली. भिकुबाई तिच्याकडं बघत नव्हती, अजून नाही. ती झिपरूच्या मुठीतल्या शेंगा सोलून त्याच्या तोंडात घालत होती.

"उद्या कुणाची खिरापत?" निमानं विचारलं.

मग स्टेशनावरच्या चौघींतली सगळ्यात लहान, जिला अजून नीट टिपरीही धरता येत नव्हती, ती पुढं सरकली.

"मन्ही!"

कुंदानं तिच्याकडं पाहिलं. ही कुठून आणणार, काय आणणार, कुणाच्या दारात जाणार? ओठांवर आलेलं बोलणं तिनं गिळलं. ती त्या पोरीजवळ खाली बसली आणि तिनं एवढंच विचारलं, "डबा आहे का गं तुझ्याकडं, की माझा देऊ? रिकामा?"

पोरीनं आधी भिकुबाईकडं पाहिलं. भिकुबाईनं शेंग सोलता सोलता मान हलवली. मग ती पोर म्हणाली, "रिकामा दे."